एसयू कार्बोरेटरचे अस्सल सुटे भाग शोधताना

तुमच्या आजोबांनी १९६८ साली घेतलेली अ‍ॅम्बॅसेडर मार्क २ आता तुमच्या ताब्यात आली आहे. तिच्यावर एसयू बनावटीचा कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारा भाग) आहे, त्याच्या खालून पेट्रोल गळते, स्लोवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) इंजिन टिकत नाही आणि साताऱ्यातल्या मेकॅनिकने ‘हा काढून टाका, दुसरा बसवून देतो’ असे सुचवले आहे. तुम्हाला मात्र तोच कार्बोरेटर पूर्ववत करायचा आहे आणि त्यासाठी ओरिजिनल सुटे भाग कुठे मिळतील, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात गेली एकतीस वर्षे प्रामुख्याने जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरचेच काम करतो, त्यामुळे पत्ते देण्याआधी एक कळकळीची विनंती करतो. तो कार्बोरेटर कितीही गंजलेला वा झिजलेला असला तरी भंगारात घालू नका, कुणाला बदल्यात देऊ नका आणि त्याच्या बाजूला लोंबणारी एकही पट्टी, एकही स्प्रिंग हरवू देऊ नका. बाजारात जे मिळत नाही, तेच नेमके तुमच्याकडे आज आहे.

तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे त्याच्या जागी चुकीचे नाही. रोज चालणाऱ्या गाडीला दोन तासांत रस्त्यावर आणणे हे त्याचे काम, आणि याच विचाराने कितीतरी अ‍ॅम्बॅसेडरवरचे एसयू उतरवून त्या जागी सोलेक्स जातीचे कार्बोरेटर चढवले गेले. पण त्या अदलाबदलीत एकटा कार्बोरेटर जात नाही. त्याच्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी बदलते, चोकची तार कापली जाते, एअर क्लीनर बसेनासा होतो म्हणून तो अडगळीत जातो आणि मॅनिफोल्डवर (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीवर) जुळवणीसाठी एखादी घरगुती पट्टी येते. दहा वर्षांनी मालकाला मूळ अवस्था हवीशी वाटते तेव्हा एसयू कार्बोरेटर शोधून सापडतो, पण त्या चार पट्ट्या आणि तो एअर क्लीनर सापडत नाही. माझ्याकडे अडून राहिलेल्या बहुतेक गाड्या जेटसाठी (पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्राच्या भागासाठी) किंवा त्यात सरकणाऱ्या नीडलसाठी अडलेल्या नसतात, तर अशा बोटभर लांबीच्या पट्टीसाठी अडलेल्या असतात.

शोधाची सुरुवात बाजारात नव्हे, आपल्या टेबलावर होते. आपल्या हातातली वस्तू नेमकी कोणती, हे आधी ठरवावे लागते. एसयू हे नाव ‘स्किनर युनियन’ या शब्दांवरून आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जॉर्ज हर्बर्ट स्किनर आणि त्यांच्या भावाने हा कार्बोरेटर घडवला. स्किनर घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा होता आणि पहिल्या कार्बोरेटरमध्ये आजच्या पिस्टनच्या जागी चामड्याचा भाता होता, हे कळल्यावर मला मोठी गंमत वाटली होती. तत्त्व मात्र आजही तेच आहे. इंजिन जितकी हवा मागेल तितका पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या तळाला बसवलेली निमुळती नीडल जेटमधून तितकीच वर सरकते आणि नीडल व जेट यांच्यामधल्या बारीक फटीतून पेट्रोल ओढले जाते. म्हणजे या कार्बोरेटरचा सगळा हिशेब एका नीडलच्या निमुळतेपणावर उभा आहे. भागांचा शोध घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

तुम्ही तोंडाचा व्यास सव्वा इंच मोजला आहे आणि फ्लोट चेंबरच्या (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणाऱ्या वाटीच्या) बुडातून एक नायलॉनची नळी जेटकडे जाते असे लिहिले आहे. या दोन खुणांवरून तुमचा कार्बोरेटर एचएस२ ठरतो. एसयूच्या या नामकरणात शेवटचा आकडा एक इंचाच्या वर किती अष्टमांश हे सांगतो, म्हणून एचएस२ सव्वा इंची, एचएस४ दीड इंची, एचएस६ पावणेदोन इंची आणि एचएस८ दोन इंची. याआधीच्या एच जातीत पेट्रोल बाहेरच्या नळीतून नव्हे, तर ओतीव भागातल्या वाटेने जेटपर्यंत येत असे आणि जेटभोवती बुचाच्या लाकडाच्या सीलच्या कड्या असत. या दोन जातींच्या किटची बाजारात सर्रास गल्लत होते आणि विकणाऱ्याला ती कळतेच असे नाही.

यानंतर फ्लोट चेंबरच्या झाकणाकडे पाहा. झाकणाच्या एका स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची छोटीशी पट्टी अडकवलेली असे आणि तिच्यावर एयूडी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक ठोकलेला असे. तो क्रमांक म्हणजे कार्बोरेटरची जन्मपत्रिका. कोणती नीडल, कोणती स्प्रिंग, कोणत्या बाजूचा फ्लोट चेंबर, सगळे त्यावरून काढता येते. मात्र कुठल्या तरी ओव्हरहॉलच्या वेळी ती पट्टी पडून जाते आणि मग लोक ओतीव अंगावर उठावाने आलेला एयूसीचा क्रमांक टिपून घेतात व त्यावरून भाग मागवतात. हा क्रमांक त्या ओतीव तुकड्याचा असतो, कार्बोरेटरचा नव्हे. एकच ओतीव अंग अनेक गाड्यांच्या कार्बोरेटरला वापरलेले असते. तुमची पट्टी शाबूत असेल तर तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि काम चालू असताना पट्टी वेगळ्या डबीत घाला. नसेल तर नीडल बाहेर काढून तिच्या मानेवरची अक्षरे भिंगातून वाचा, जेटच्या छिद्राचे माप घ्या आणि पिस्टनवरच्या स्प्रिंगच्या टोकाचा रंग पाहा. लाल रंग साडेचार औंसांचा, पिवळा आठ औंसांचा, हिरवा बारा औंसांचा, तर निळा अडीच औंसांचा. रंग उडालेला असेल तर काट्यावर दाबून पाहता येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. शोधणारे सगळे ‘अ‍ॅम्बॅसेडरचा कार्बोरेटर’ शोधतात आणि म्हणून त्यांना काही मिळत नाही. गाडीच्या नावाने शोधू नका, कार्बोरेटरच्या जातीने शोधा. एचएस२ हा ब्रिटनमध्ये मिनीवर होता, मॉरिस मायनरवर होता, जोडीने ऑस्टिन-हीली स्प्राइटवर आणि एमजी मिजेटवर होता. या गाड्या लाखांनी खपल्या आणि आजही हौसेने जपल्या जातात, त्यामुळे एचएस२ची फ्लोट, फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह, डॅशपॉटचा (पिस्टनवरच्या तेलाच्या नळीचा) डॅम्पर, थ्रॉटलची चकती, तिचा दांडा म्हणजे स्पिंडल, गॅस्केट हे सगळे आजही नवे कोरे तयार होते. इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे बर्लन नावाची कंपनी आहे. एसयूबरोबरच झेनिथ, स्ट्रॉमबर्ग आणि मोटरसायकलींचा अ‍ॅमल ही नावेही तिच्याकडे आहेत आणि ती एसयूचे भाग मूळ आराखड्यांवरून बनवते. हा माल जुन्या साठ्यातला नसला तरी माझ्या मते त्याला नक्कल म्हणता येणार नाही, कारण कारखान्याचा वारसा आणि मापे तीच आहेत. तुमच्या कामापैकी निम्म्याहून अधिक भाग असे सरळ मागवण्याजोगे आहेत, हे ऐकून तुम्हाला धीर येईल अशी आशा आहे.

मागवताना दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली म्हणजे जेट. एचएस२चे जेट ०.०९० इंचाचे असते हे खरे, पण त्याला जोडलेली नायलॉनची नळी फ्लोट चेंबर कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर आहे त्यानुसार लांब-आखूड असते आणि जेटचे डोके डाव्या वा उजव्या अंगाचे असते. जोडीने बसणाऱ्या कार्बोरेटरपैकी एकाचे जेट दुसऱ्याला चालत नाही. म्हणून जुन्या जेटची नळी सरळ ताणून मोजा आणि समोरून काढलेला फोटो सोबत पाठवा. दुसरी गोष्ट फ्लोट चेंबर आणि अंग यांच्यामधल्या रबरी तुकड्याची. गाडीत कार्बोरेटर किती कलता बसतो त्यानुसार त्या तुकड्याचा कोन बदलतो आणि चुकीचा कोन बसला तर चेंबर तिरका राहून पेट्रोलची पातळीच चुकते. मग माणूस फ्लोट वाकवत बसतो आणि दोष सापडत नाही.

रबर, बूच आणि पॅकिंग यांच्या बाबतीत मी अस्सल जुन्या मालाच्या साफ विरोधात आहे. १९७० सालच्या सीलबंद पाकिटातले रबर दिसायला सुंदर असते, हाताळताना काळजात आनंद होतो, पण पन्नास वर्षांत ते कडक झालेले असते आणि पेट्रोलमध्ये आठ दिवसांत तडकते. त्यात आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबराला व बुचाला फुगवते किंवा भेगाळून टाकते आणि फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरट भुकटीसारखा थर साठवते. म्हणून सील, नळीच्या टोकाचे पॅकिंग, पेट्रोलचा पाइप आणि फ्लोटच्या नीडल व्हॉल्व्हचे टोक हे सगळे व्हायटॉन जातीच्या, म्हणजे अशा पेट्रोलमध्ये टिकणाऱ्या, रबराचे घ्यावे. जुनी पाकिटे संग्रहात ठेवावीत, गाडीत बसवू नयेत. पेट्रोल गळणारा कार्बोरेटर एक्झॉस्टच्या शेजारी असतो, हे विसरून चालणार नाही.

नीडलबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण येथे मी स्वतः फसलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गाडीसाठी मी एका विक्रेत्याकडून ‘ओरिजिनल’ म्हणून किट घेतले. नीडलच्या मानेवर अक्षर बरोबर होते, पितळ लखलखीत होते, पाकिटावरची छपाईही जुन्या धाटणीची होती. गाडी स्लोवर छान चालायची, पूर्ण दाबल्यावरही छान चालायची, पण चाळीस ते साठच्या वेगात काळा धूर सोडायची आणि प्लग काजळून जायचे. इग्निशन तपासले, फ्लोटची पातळी तीनदा घेतली, पंप बदलला. दोन आठवडे गेल्यावर मी ती नीडल मायक्रोमीटरखाली धरली. एसयूच्या नीडलचे माप दर एक अष्टमांश इंचावर ठरवून दिलेले असते आणि ते तक्ते छापील उपलब्ध आहेत. माझ्या नीडलची पहिली दोन मापे तंतोतंत होती, तिसऱ्यापासून पुढची चार मापे इंचाच्या हजारांशाने दीड-दोनपर्यंत बारीक होती आणि टोकाशी ती पुन्हा जुळत होती. म्हणजे मधल्या पल्ल्यात जेटची फट हवी त्यापेक्षा मोठी राहात होती, म्हणून काळा धूर. अक्षर ठोकायला एक ठसा पुरतो, पण निमुळता उतार कातायला चांगली यंत्रे आणि चांगला माणूस लागतो. त्या दिवसापासून मी कोणाचीही नीडल मोजल्याशिवाय बसवत नाही, अगदी खात्रीच्या ठिकाणाहून आलेली असली तरी.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. नीडलच्या खांद्यापासून अष्टमांश इंचाच्या खुणा करायला लाकडाच्या पट्टीत खाच पाडावी, तिच्यात नीडल आडवी ठेवावी आणि प्रत्येक खुणेवर मायक्रोमीटर हलक्या हाताने टेकवून वाचन वहीत लिहावे. मायक्रोमीटर आवळू नये, पितळ दबते. जुनी नीडल काढली तर तिचीही अशीच मापे घ्या. जेटचे भोक कुठे लंबगोल झाले असेल तर नीडलच्या एका अंगाला चकचकीत घासलेला पट्टा दिसतो. तसा पट्टा दिसला की नीडल आणि जेट दोन्ही एकदम बदलायची, एकच बदलून उपयोग नाही. बसवताना नीडलचा खांदा पिस्टनच्या तळाशी अगदी समपातळीत यायला हवा आणि त्यानंतर जेट मधोमध आणण्याचे काम शांतपणे करायला हवे. पिस्टन वर उचलून सोडला की तळाशी ‘टक’ असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. आवाज मऊ आला तर नीडल कुठेतरी घासते आहे.

जे भाग नव्याने मागवूनही उपयोग नसतो, त्यांत पिस्टन आणि त्याच्यावरचा घुमट यांची जोडी पहिली येते. कारखान्यात ही जोडी जुळवून दिलेली असे आणि पिस्टनची कड व घुमटाची आतली भिंत यांच्यात इंचाच्या काही हजारांशांचीच मोकळीक असते. बाजारात एका ढिगातून घुमट आणि दुसऱ्या ढिगातून पिस्टन घेऊन कुणी ‘पूर्ण सेट’ बनवून देत असेल तर घेऊ नका. आपली जोडी असेल तर ती कितीही काळवंडलेली असली तरी पेट्रोल किंवा थिनरने फडक्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. मी अशी एक जोडी पाहिली आहे की कुणीतरी मोठ्या निष्ठेने ती आतून आरशासारखी चमकवली होती आणि त्या चमकीपायी ती कायमची निकामी झाली होती. डॅशपॉटमध्ये २० ग्रेडचे तेल घालावे, गिअरचे जाड तेल घालू नये.

स्लोवर इंजिन न टिकण्याचे तुमचे कारण बहुधा थ्रॉटलच्या स्पिंडलमध्ये सापडेल. स्पिंडल धरून वर-खाली हलवून पाहा. मग इंजिन चालू असताना स्पिंडल जिथून अंगाबाहेर येतो त्या दोन्ही ठिकाणी ऑइलकॅनने जाड तेलाचा एकेक थेंब सोडा. क्षणभर स्लो सुधारला तर तिथून फालतू हवा शिरते आहे. यावर नवा स्पिंडल एकट्याने पुरत नाही, कारण अंगातले भोकही लंबगोल झालेले असते. थोडे जाड स्पिंडल मिळते, त्यासाठी भोक रीमरने (नेमक्या मापाचे भोक कातणाऱ्या हत्याराने) मोठे करावे लागते. किंवा मूळ मापाचेच स्पिंडल ठेवून अंगात बुश (बारीक नळकांडी) बसवता येतात. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण पुढच्या पिढीला पुन्हा मूळ मापाचे स्पिंडल वापरता येते. मात्र हे काम हातड्रिलवर कधीही करू नका. दोन्ही भोके एका रेषेत यायला हवीत, त्यासाठी लेथ किंवा मिलिंग मशीन आणि समजूतदार टर्नर हवा. थ्रॉटलच्या चकतीचे दोन स्क्रू टोकाशी चिरून फाकवलेले असतात, ते जबरदस्तीने काढले तर स्पिंडल मोडतो. आधी फाकलेली टोके कानसून घ्या. परत बसवताना नवेच स्क्रू वापरा आणि त्यांची टोके फाकवायला विसरू नका. सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

उरल्या त्या पट्ट्या, लिव्हर, चोकचा कॅम, परतीच्या स्प्रिंगा आणि एअर क्लीनर. हे गाडीगणिक वेगळे असतात, इंग्लंडमधून मिळत नाहीत आणि यांच्यासाठीच आपल्याला आपल्याकडचे बाजार हिंडावे लागतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार मी वर्षानुवर्षे सोडलेला नाही, तरी तिथे आता गाड्यांचा माल पूर्वीइतका येत नाही हे सांगायला हवे. नाना पेठेतल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत वरच्या माळ्यावर काय आहे हे विचारण्याची सवय ठेवा, कारण मागच्या पिढीच्या मालकांनी घेतलेला न खपलेला माल तिथेच पडलेला असतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरातली स्पेअर पार्टची दुकाने, कुर्ल्याचे भंगारवाले आणि चोर बाजार ही ठिकाणे आहेत. अ‍ॅम्बॅसेडरच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रापेक्षा कोलकात्याचा मलिक बाजार जास्त भरवशाचा, कारण ही गाडी तिथल्याच उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनत असे आणि तिथे टॅक्सी म्हणून अगदी अलीकडपर्यंत धावली. दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ही नावेही टिपून ठेवा.

अशा बाजारात सुटा भाग मागू नका, आख्खा मेलेला कार्बोरेटर मागा. सुटी पट्टी कुणी शोधून देत नाही आणि दिली तर सोन्याच्या भावाने देतो, पण मोडका, अडकलेला, झाकण नसलेला आख्खा नग वजनावर मिळून जातो आणि त्याच्यावर आपल्याला हव्या त्या तीन पट्ट्या लागलेल्या असतात. एका रविवारी जुन्या बाजारात प्लास्टिकच्या कागदावर नळाच्या तोट्या, सायकलचे पेडल आणि पाना-पक्कड यांच्या ढिगात मला काळ्या तेलाने माखलेला एक गोळा दिसला. अंगठ्याने तेल पुसले तेव्हा घुमटावरची पितळी टोपी दिसली. पिस्टन जाम होता, फ्लोट चेंबर फुटलेला होता, पण चोकचा कॅम, त्याची स्प्रिंग आणि थ्रॉटलचा लिव्हर हे तिन्ही जागेवर होते. त्या नगाने आजवर दोन गाड्या उभ्या केल्या आहेत आणि उरलेले अंग अजून माझ्या मांडणीवर आहे. घासाघीस करताना मी विक्रेत्याला ही वस्तू काय आहे हे खरे सांगतो. पुढच्या वेळी तो तसला नग दिसला की आपणहून बाजूला काढून ठेवतो.

एक इशारा सोलेक्सबद्दल देतो, कारण आज ना उद्या फियाटवाले मित्र तुम्हाला विचारतील. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १२५ क्रमांकाचे जेट सव्वा मिलिमीटरचे. पण आपल्याकडे एव्हरेज वाढावे म्हणून जेटमध्ये तांब्याच्या तारेचा धागा घालण्याची किंवा भोक डाग देऊन बुजवून पुन्हा बारीक पाडण्याची रीत फार होती. त्यामुळे जुन्या, अस्सल, कारखान्याचा ठसा असलेल्या जेटवरचा आकडाही खरा असेलच असे नाही. उजेडासमोर धरून पाहा आणि मापाच्या पिनेने तपासा.

मुंबई परिसरात अमेरिकन कार्बोरेटरही बरेच निघतात आणि ते पाहून लोक गोंधळतात. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून शिवडीला होता, प्रीमियरने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवल्या, महिंद्राने माझगावला १९४९ पासून विलीज जीप जुळवल्या. त्या गाड्यांचे कार्टर आणि स्ट्रॉमबर्ग अजून भंगारात सापडतात. ते तुमच्या कामाचे नसले तरी वाजवी भावात मिळाले तर उचला, कारण जीपवाल्याकडे बहुधा एखादी एसयूची पट्टी पडलेली असते आणि या क्षेत्रात पैशांपेक्षा अदलाबदल लवकर होते. माझे निम्मे दुर्मिळ भाग असेच आले आहेत.

परदेशातून मागवायचे असेल तर एकेक भाग मागवू नका. आधी कार्बोरेटर पूर्ण उघडा, धुवा, मोजा, यादी करा आणि एकाच पार्सलमध्ये सगळे मागवा, कारण कुरिअर आणि सीमाशुल्क मिळून कधीकधी मालाच्या किमतीइतका खर्च येतो. यादीत गाडीचे नाव लिहून थांबू नका. एचएस२, तोंडाचे माप, एयूडी क्रमांक, नीडलचे अक्षर आणि फोटो हे सगळे द्या. इंग्लंडमध्ये नातेवाईक असतील तर सप्टेंबरमध्ये ब्यूली येथे भरणाऱ्या जुन्या भागांच्या मोठ्या बाजारात त्यांना जरूर पाठवा, पण त्यांच्या हातात जुन्या भागाचा कागदावर गिरवलेला बाह्याकार द्या. नवख्या माणसाला क्रमांकापेक्षा आकार ओळखता येतो.

मूळ अवस्थेचा आग्रह केवळ हौसेचा नाही. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले वाहन मूळ रूपात असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. तुमची गाडी वयाने त्यात बसते. जुन्या गाड्यांच्या स्पर्धांतही परीक्षक बॉनेट उघडल्यावर सर्वांत आधी कार्बोरेटर आणि एअर क्लीनरकडे पाहतात. याच कारणाने रूपाबद्दल एक सूचना करतो. एसयूचे अंग कारखान्यातून मंद, करड्या रंगाचे येत असे. बफ मारून चांदीसारखे करू नका. घुमटावरची पितळी टोपी आणि बाहेरचे पितळ चिंचेच्या कोळाने घासून पाण्याने धुतले तरी हरकत नाही, पण जेट आणि नीडलला चिंच, आम्ल किंवा तारेचा ब्रश लावू नका.

फ्लोटची परीक्षा घरी करता येते. पितळी फ्लोट असेल तर कडक गरम पाण्यात चिमट्याने बुडवून धरा. आत हवा तापून फुगते आणि चीर असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. डाग देऊन ती बुजवता येते, पण आत शिरलेले पेट्रोल पूर्ण निघाल्याशिवाय डागणी जवळ नेऊ नका, आणि डागाने फ्लोट जड झाला तर पातळी पुन्हा घ्यावी लागेल. प्लास्टिकचा फ्लोट असेल तर कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळते का ऐका आणि शंका आली तर नवाच घ्या, तो स्वस्त आहे.

जुळणी झाल्यावर मिश्रण बसवताना इथेनॉलचा हिशेब धरा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे ७ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे १९६८ च्या मापाप्रमाणे लावलेले मिश्रण आज किंचित पातळ (पेट्रोल कमी) पडते. त्यासाठी लगेच दुसऱ्या अक्षराची नीडल घालू नका. आधी मूळ नीडलवर जेटचे षट्कोनी नट एका वेळी एकच पैलू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, खाली घ्या आणि पिस्टन अगदी किंचित उचलून पाहा. वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर मिश्रण बरोबर आहे, वाढतच राहिला तर जास्त रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे आणि इंजिन लगेच पडू लागले तर अजून पातळ आहे. हे सगळे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, एअर क्लीनर बसवून करावे.

तुमच्या एयूडी पट्टीचा क्रमांक, नीडलचे अक्षर आणि फ्लोट चेंबरच्या बाजूने काढलेला एक फोटो मला पाठवा. चोकचा कॅम किंवा थ्रॉटलचा लिव्हर कमी पडत असेल तर माझ्या मांडणीवरच्या त्या मोडक्या नगावरून तो मिळतो का, हे मी आधी पाहीन, मग तुम्ही कोलकात्याला विचारा.